डाव्या चाकाखालचा ठोकळा

पाण्याची टाकी मागे पडली, रस्ता वर चढायला लागला, आणि जाऊबाई पहिल्यांदा थांबल्या. दमल्या म्हणून नाही. आम्ही चढून आलो होतो तो उतार त्यांनी वळून खालपर्यंत पाहिला आणि मला विचारलं, "इथून सुटली तर कुठे जाऊन थांबेल गं?"

"कशाला नको ते बोलता वहिनी," मी म्हटलं.

"नको ते नाही, विचारतेय. खाली तो चर खणलाय ना, तिथपर्यंत आडवं काही नाही. एक खांब आहे, तोही कडेला."

 माझ्या मनात देवाचं नाव चालू होतं, ते चालू ठेवलं. जाऊबाईंच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत लाकडाचा ठोकळा. एका बाजूने तिरका कापलेला, हाताळून हाताळून काळा पडलेला. तो वर टेकडीवरच्या एका घरी पोचवायचा होता. तो पोचायच्या आत तिथल्या म्हातारीला काही होऊ नये, एवढंच आमचं मागणं होतं.

बस वर जात नव्हती. नवे पाइप टाकायला खालचा रस्ता खणला होता, तिथेच ती आम्हाला उतरवून परत फिरली. घरून निघाल्यापासून जाऊबाई त्या घरी फोन लावत होत्या. घंटी वाजायची, वाजून वाजून बंद व्हायची. कुणी उचलत नव्हतं. फोन बंद असता तरी मनाला काही समजूत घालता आली असती. वाजतोय आणि उचलत नाहीत, म्हटल्यावर माणसाच्या मनात काय काय येतं ते सांगायला नको.

जाऊबाईंची सगळी नोकरी एका लाँड्रीच्या काउंटरवर झाली. तिथे कपडा घ्यायच्या आधी तो दिव्याखाली पसरायचा आणि त्यात जे जे बिघडलेलं दिसेल ते पावतीवर लिहायचं. कॉलर विटलेली. दुसरं बटण नाही. खिशाला शाई. अस्तर उसवलेलं. उद्या गिऱ्हाईक येऊन 'हे तुमच्याकडेच फाटलं' म्हणालं की पावती पुढे करायची. इतकी वर्षं हेच केल्यावर ते अंगात मुरणारच. आमच्या घरात कुणी नवा शर्ट घालून समोर आलं की बाकीचे छान म्हणायचे. जाऊबाई म्हणायच्या, "छान आहे. डाव्या बाहीची शिलाई तिरकी आहे." धाकटे दीर त्यांना पंचनामा वहिनी म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. त्यावर जाऊबाईंचं उत्तर ठरलेलं, "म्हण तू. पण बाहीचं बघ."

नोकरी संपल्यावर त्या फोनवरच्या लिलावात पडल्या. म्हणजे जुन्या वस्तूचा फोटो टाकायचा, खाली वर्णन लिहायचं, लोक आठवडाभर बोली लावतात आणि मुदत संपताना ज्याची बोली सगळ्यांत वर त्याला वस्तू जाते. आधी घरातल्या वस्तू गेल्या, मग शेजारपाजारचे आपापलं घेऊन यायला लागले. बाकीचे विकणारे लिहितात 'नव्यासारखी'. जाऊबाईंना त्या शब्दाचा राग. "नव्यासारखी म्हणजे जुनीच ना? मग जुनी लिहायला काय हात दुखतात?" त्या आधी वस्तूतल्या खोडी लिहायच्या, एकाखाली एक, सगळ्या. चांगलं काही असेल तर फोटोत दिसतंच, म्हणायच्या. आणि शेवटी एक ओळ कायमची, 'वर्णन पूर्ण वाचून मगच बोली लावावी.' भावोजी म्हणाले होते, अशाने कोण घेणार तुझ्या वस्तू. पण लोक घेत होते.

तर सासूबाईंची व्हीलचेअर त्यांनी अशीच लिलावात घातली.

सासूबाई गेल्या त्यानंतर ती खुर्ची बरेच दिवस खिडकीजवळ तशीच उभी होती. कुणी तिच्यात बसेना आणि कुणाला ती हलवावीशी वाटेना. शेवटी जाऊबाईच म्हणाल्या, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. त्या खुर्चीच्या डाव्या चाकाचा ब्रेक धड नव्हता. दांडी खाली यायची, खट् असा आवाजही यायचा, पण चाक पुरतं धरलं जायचं नाही. आमचं घर सपाट. तिथे काही बिघडलं नाही. तरी जाऊबाईंनी सुताराकडून तो ठोकळा कापून घेतला होता आणि खुर्ची उभी केली की डाव्या चाकाखाली सरकवायचा, हे त्यांच्या हाताला लागून गेलं होतं. आपण दारात चप्पल काढतो तितकं सहज. सासूबाई म्हणायच्या, "ठोकळा लावलास का गं? नाहीतर मी चालले माहेरी."

खुर्चीचं वर्णन लिहून झाल्यावर त्यांनी मला वाचून दाखवलं होतं. हातांवर तीन ओरखडे. सीटचं कापड उन्हाने फिकं. मागच्या खिशाची चेन अडकते. पाय ठेवायच्या पट्टीचा रंग उडालेला. उजव्या मुठीचं रबर चिरलेलं. आणखी बरंच होतं, शिवणीचं, गंजाचं, डागाचं. मग डावा ब्रेक पूर्ण धरत नाही. मग पुढचं चाक करकरतं. झालं. बोली लागली, मुदत संपली, कुरिअरवाला खुर्ची घेऊन गेला. ठोकळा दारामागे होता तो तिथेच राहिला.

त्या सकाळी घेणाऱ्याचा अभिप्राय आला. पाच तारे. जाऊबाई चहा बाजूला ठेवून आम्हाला वाचून दाखवायला लागल्या. खुशीत होत्या. "ऐका. 'बाईंनी एकेक ओरखडासुद्धा लिहिला आहे. इतकं प्रामाणिक वर्णन मी पाहिलं नव्हतं. डोळे मिटून बोली लावली.' बघा, आणि तुम्ही म्हणत होता कोण घेणार." भावोजींनी कपातून मान वर केली नाही. जाऊबाई पुढे वाचत होत्या, "'आमचं घर टेकडीवर आहे. आई वर्षभर दाराबाहेर पडली नव्हती. आजपासून तिला रोज बाहेर झाडाखाली बसवणार…'"

तिथे त्या वाचायच्या थांबल्या.

उठल्या, दारामागे गेल्या आणि ठोकळा हातात घेऊन आल्या. पिठाचा हात लागावा तसा चेहरा पांढरा.

"टेकडीवर," त्या म्हणाल्या. "हा इथेच आहे."

भावोजींना कळायला वेळ लागला. कळल्यावर ते म्हणाले, "ब्रेकचं लिहिलं होतंस की नाही?"

"लिहिलं होतं."

"मग झालं. विकणाऱ्याने सांगायचं, घेणाऱ्याने वाचायचं. डोळे मिटून बोली लावली असं तो स्वतःच लिहितोय, त्यात तुझा काय दोष? आता काय घरोघर जाऊन वाचून दाखवणार आहेस?"

"एकाच घरी जायचंय," जाऊबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "येतेस?"

भावोजींचं खोटं नव्हतं. लिलावाचा नियम तोच आहे आणि तो मला पटतोही. पण नियम पटला म्हणून ठोकळा त्या घरी पोचत नाही. मी पायात चपला अडकवल्या. पत्ता आणि फोन नंबर कुरिअरच्या चिठ्ठीवर होतेच.

चढ लागल्यावर जाऊबाईंना सगळीकडे चाकंच दिसायला लागली. एक भाजीवाला हातगाडी उभी करून चाकाखाली दगड लावत होता. या थांबल्या. "हा दगड धरतो का हो नीट?"

"धरतो की. रोज धरतो."

"आणि सरकला तर?"

भाजीवाल्याने यांच्याकडे नीट पाहिलं. "सरकला तर खाली टाकीपाशी भाजी स्वस्त मिळेल. तुम्हाला काय हवंय मावशी?"

"काही नको," म्हणून त्या चालायला लागल्या. मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते आतच राहिलं. मग रस्त्यावर पाणी दिसलं. वरून कुठूनतरी येत होतं, रस्त्याच्या मधून एक धार धरून. ती धार वाकडी होत नव्हती, थांबत नव्हती, सरळ आमच्या मागे खाली चालली होती. जाऊबाई तिच्याकडे बघत चालत होत्या. मी त्यांना दोनदा म्हटलं, वर बघा. त्यांनी दोनदा वर पाहिलं आणि परत खाली.

पहिलं वळण आलं आणि तिथे माणसं दिसली. बरीच. रस्त्याच्या कडेला गोळा झालेली, सगळी एकाच बाजूला तोंड करून.

जाऊबाईंनी माझं मनगट धरलं.  दोघींनी एकच गोष्ट मनात आणली हे मला तेव्हाही कळलं होतं. देवा, आम्हाला पोचू दे, एवढंच मी म्हणत होते, आणि पोचलो की काय बघावं लागेल याची भीतीही त्याच देवाला सांगत होते.

जवळ गेल्यावर बादल्या दिसल्या. पाण्याचा टँकर आला होता, ती धार त्याचीच. खणण्यामुळे नळाला पाणी नव्हतं, म्हणून तो टेकडीच्या पलीकडच्या रस्त्याने आणला होता, आणि लोक रांगेत उभे होते. कुणीतरी नंबरावरून भांडतही होतं. भांडण ऐकून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

जाऊबाईंनी रांगेतल्या एका पन्नाशीच्या माणसाला विचारलं, "इथे वर कुणाकडे म्हाताऱ्या आई आहेत का? नवीन व्हीलचेअर आलीय त्यांना. म्हणजे नवीन नाही, जुनी."

"माझीच आई," तो म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या. "का? तुम्ही कोण?"

"आई कुठे आहेत आत्ता?"

"दारात आहे. झाडाखाली बसवून आलोय. पाणी भरेपर्यंत बसेल मजेत." जाऊबाईंचा चेहरा बघून तो जरा बिचकला आणि आपणहून म्हणाला, "ब्रेक लावलेत हो. दोन्ही."

जाऊबाईंनी पिशवी काखेत मारली. त्या चालायला लागल्या. त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढताना त्या प्रत्येक पायरीला कुरकुरतात, आणि मला त्यांच्यामागे अक्षरशः पळावं लागत होतं. मागे बादल्या खाली ठेवल्याचा आवाज आला. तो माणूसही निघाला होता. "अहो, झालं काय?" असं विचारत.

दुसऱ्या वळणाच्या पुढे घर होतं. दाराला लागून रस्ता, रस्त्याच्या कडेला झाड, झाडाखाली खुर्ची. आमच्या सासूबाईंची खुर्ची. मला ती लांबूनच ओळखू आली आणि का कोण जाणे डोळे भरून आले. खुर्चीत एक बारकी म्हातारी, शाल गुडघ्यांवर, तोंड उताराकडे. तिथून खालचं सगळं गाव दिसत होतं. ते बघायलाच तिला तसं बसवलं होतं.

मी हाक मारणार होते. जाऊबाईंनी हात मागे करून मला थांबवलं. आपण हाक मारावी आणि तिने वळावं, अंगाचा झोक एका बाजूला जावा, असं त्यांना नको होतं. तोंडाने काही न बोलता त्या कडेकडेने गेल्या, जसं झोपलेल्या बाळाच्या खोलीतून जातात. खुर्चीच्या डाव्या बाजूला पोचल्या, एका हाताने मूठ घट्ट धरली, खाली बसल्या, आणि दुसऱ्या हाताने ठोकळा चाकाखाली सरकवला. तळहाताने दोनदा ठोकला. मग तिथेच मातीत बसून राहिल्या. मूठ सोडेनात.

म्हातारीने खाली वाकून पाहिलं. "चाकात खडा गेला होता का?"

"हो," जाऊबाई म्हणाल्या. लगेच म्हणाल्या, "नाही. ब्रेक धरत नाही हा. डावा."

तेवढ्यात मुलगा धापा टाकत पोचला. मी त्याला आम्ही कोण ते सांगितलं. त्याला आधी आनंदच झाला. "म्हणजे तुम्हीच त्या? अहो, काय सुंदर लिहिलं होतंत."

"पूर्ण वाचलं होतं?" जाऊबाईंनी खालूनच विचारलं.

"वाचलं की. ओरखडे, फिकं कापड, ती चेन…" त्याला आठवून आठवून थांबावं लागलं. "रंगाचं होतं काहीतरी. मी बायकोला म्हटलं, जी बाई चेन अडकते ते लिहिते, ती काही मोठं असतं तर आधी लिहिणार नाही का? मग बोली लावून टाकली."

जाऊबाईंनी फोन काढला, वर्णन उघडलं आणि त्याच्यापुढे धरला. त्याचा स्वतःचा फोन घरात चार्जिंगला होता, आतून अजून वाजल्यासारखा वाटत होता पण ते माझ्या कानांत असेल. तो वाचत गेला. बोटाने सरकवत सरकवत. शेवटून तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"लिहिलंय," तो हळू म्हणाला. आईकडे पाहिलं, मग उताराकडे. "खाली पूर्ण वाचावं असंही लिहिलंय. चूक माझीच आहे. मी वाचायला हवं होतं."

"तुमची आहेच," जाऊबाई म्हणाल्या. पंचनामा वहिनी त्या, खोटा दिलासा त्यांच्या तोंडून निघत नाही. "पण तुमचीच नाही."

म्हातारी इतका वेळ दोघांकडे आळीपाळीने बघत होती. ती म्हणाली, "मघाशी ती सरकली होती."

मुलाने चाकाकडे पाहिलं.

"एवढी," तिने हाताची वीत दाखवली. "सरकली आणि थांबली. दोनदा. मला कळलं होतं."

"आई, मग बोलली का नाहीस? रांगेत असलो तरी हाक ऐकू येते मला."

"बोलले असते तर उद्या बाहेर आणलं असतंस का?"

मुलाने कपाळाला हात लावला. म्हातारी जाऊबाईंना म्हणाली, "तुम्ही खुर्ची परत न्यायला आलात का? मी उठणार नाही, सांगून ठेवते."

जाऊबाईंना ते ऐकून हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं असावं, कारण त्यांनी पदरासारखा पिशवीचाच कोपरा तोंडाला लावला. खुर्ची परत घ्यायला त्या तयार होत्या, तसं त्यांनी मुलाला सांगितलंही. पण म्हातारी ऐकेना आणि मुलगाही नको म्हणाला. दुपारीच सायकल दुरुस्तीवाल्याकडून ब्रेक बदलून घेतो म्हणाला. तोवर ठोकळा, आणि ब्रेक झाल्यावरही ठोकळा, असं जाऊबाईंनी त्याच्याकडून वदवून घेतलं. खुर्चीचं तोंडही भिंतीकडे वळवायला लावणार होत्या, पण म्हातारीने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते आडवं करण्यावर भागवलं. आडव्या खुर्चीतून मान वळवली की गाव दिसत होतं.

चहा घ्या म्हणाले. घेतला नाही. तिची खुर्ची आपल्यासमोर जितका वेळ राहील तितका वेळ जाऊबाईंनी ती मूठ सोडली नसती, म्हणून मीच त्यांना उठवलं.

उतरताना मला वाटलं होतं आता सगळं हलकं होईल. तसं झालं नाही. टँकरची रांग मागे पडली, भाजीवाल्याने आम्हाला ओळखून दगडाकडे बोट दाखवलं, तरी त्या थांबल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पावती लिहिली मी."

"कसली?"

"लाँड्रीची. पावती कशासाठी लिहायची? उद्या कुणी भांडायला आलं तर दाखवायला. आपल्यावर काही येऊ नये म्हणून. तिथे बटण काय आणि भोक काय, सगळं सारखंच. तसंच लिहिलं मी खुर्चीचंही. ओरखडे आणि ब्रेक एकाच यादीत बसवले."

"पण खोटं तर नाही ना लिहिलं."

"'नव्यासारखी' लिहिलं असतं तर तो सावध तरी राहिला असता. माझ्यावर विश्वास बसला म्हणून तो पुढे वाचायचा थांबला." मग, "आणि सासूबाईंच्या त्या खुर्चीची आपल्याला सवय झालेली. रोज ठोकळा लावून लावून मला ती खोड वाटेचना. चाकाच्या करकरीएवढीच वाटायची."

मी म्हटलं, देवाने वेळेवर पोचवलं. त्या हो म्हणाल्या. मग चालता चालता एकदम थांबल्या. "शिडी."

"कुठली?"

"घडीची शिडी नाही का विकली, समोरच्यांची? तिची एक कडी सैल होती. लिहिलं होतं मी. कितव्या ओळीत लिहिलं?"

मला आठवत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. त्यांनी फोन काढला, पण उन्हात काचेवर काही दिसेना. हाताचा आडोसा केला, पाठ वळवली, तरी दिसेना. "इस्त्रीपण गेली ना," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तिची वायर. आणि ती लहान मुलाची उंच खुर्ची." पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर त्या बसल्या. चढताना न दमलेली बाई आता दमलेली दिसत होती.

मी त्यांच्याजवळ बसले. त्या माझ्याकडे वळल्या.

"एक करशील का माझं? तुला मी वर्णन वाचून दाखवते तेव्हा तू चौथ्या ओळीला जांभई देतेस. मला दिसतं ते. मी काही बोलत नाही."

"अहो, तसं नाही वहिनी."

"तसंच आहे, आणि असू दे. मला तेच हवंय. घरी गेल्यावर बस माझ्याजवळ. आजवर विकलेलं एकेक काढून देते, तुझं तू वाच, मनात. माझ्या मनासाठी ओढून ओढून पुढे वाचू नकोस. जिथे कंटाळा येईल तिथे थांब आणि बोट ठेव. बोटाच्या खाली काय काय राहिलंय, ते मला बघू दे."